आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा हे नाव तुम्ही ऐकले असेल. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालविला. तेथून आलापल्लीकडे जाणारा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. समजा, पावसाळ्यातील एका रात्री या रस्त्याने रुग्णाला घेऊन जीप निघाली आहे. निम्म्या वाटेवर दिवे मंद होऊ लागले. चालक म्हणाला, "बॅटरी गेली!" खरेच बॅटरी गेली का? की दोष दुसरीकडेच आहे?

मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भारित घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सहांचा मिळून १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरी काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर धारा देते. एंजिन सुरू झाले की तिचे मुख्य काम संपते. मग पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो. ही वीज प्रत्यावर्ती असते. डायोड तिला एकाच दिशेने वाहावयास लावतात आणि रेग्युलेटर दाब १४ व्होल्टच्या आसपास राखतो. पाणी उंचावरून खाली वाहते, तसेच हे आहे. बॅटरीत धारा शिरावयाची, तर बाहेरचा दाब तिच्या दाबाहून जास्त हवा.

म्हणजे अल्टरनेटर हा आड आणि बॅटरी हा पोहरा! आड आटला तरी पोहऱ्यातले पाणी थोडा वेळ पुरते. दिवे, वायपर वगैरे मिळून १५ अँपिअर धारा घेत असतील, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने ४ तास पुरेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणूनच बिघाड गाव सोडताना कळत नाही, जंगलात कळतो.

निदानासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. तो एकदिश दाबाच्या २० व्होल्ट मापावर ठेवून तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावा आणि तीन नोंदी घ्या.

पहिली नोंद: गाडी काही तास उभी राहिल्यावर, एंजिन बंद. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी का झाली, हे मात्र या आकड्यावरून समजत नाही.

दुसरी नोंद: एंजिन सुरू, वेग थोडा वाढवून. आकडा साधारण १३.८ ते १४.५ यावा.

तिसरी नोंद: दिवे, वायपर, पंखा सर्व सुरू करून. आकडा थोडा उतरेल, पण १३ च्या बराच वर राहावा.

आता अर्थ लावू. एंजिन सुरू करूनही आकडा १२.६ च्या वर चढत नसेल, तर प्रथम एंजिन बंद करून पट्टा पाहा. तो सैल असेल तर घसरतो. पट्टा ठीक असेल, तर एंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टोकापाशी दाब मोजा. तेथे १४.२ आणि बॅटरीपाशी १२.७ आले तर? मधले १.५ व्होल्ट वाटेतच गेले! ओहमच्या नियमाने, धारा ३० अँपिअर असेल तर १.५ ÷ ३० = ०.०५ ओहम. एवढासा रोध गंजलेल्या किंवा सैल जोडात सहज निर्माण होतो. जोड घासून घट्ट बसविला की काम झाले. आडात पाणी होते, वाट अडली होती.

अल्टरनेटरपाशीही दाब कमी असेल, तर झिजलेले कार्बन, रेग्युलेटर किंवा डायोड यांत दोष असू शकतो. दुसरी नोंद बरोबर पण तिसरी फारच खाली, तर एखादा डायोड निकामी असल्याचा संशय घ्यावा. उलट आकडा १५ च्या वर चढत असेल, तर रेग्युलेटर दाब आवरत नाही. मग बॅटरीतील पाणी आटते, बल्ब उडतात. तिन्ही नोंदी ठीक असून सकाळी बॅटरी रिकामी सापडते का? मग ती जुनी झाली आहे किंवा रात्रभर कोठेतरी धारा झिरपते आहे. काही नव्या गाड्यांत संगणकच दाब कमीजास्त करतो. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडे पाहावेत.

हे प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि भारित होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ठिणगी जवळ नको. फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका. चालू एंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नका.

आणि आपली जीप? चालकाने अनावश्यक उपकरणे बंद करावीत आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत एंजिन बंद करू नये. सेल्फ पुन्हा लागेलच असे नाही. नवी बॅटरी बसविली असती, तरी तीही काही तासांत रिकामी झाली असती. दवाखान्यात डॉक्टर ताप मोजतात, पण ताप कशामुळे आला ते शोधून मगच औषध देतात. गाडीचेही तसेच. निघण्यापूर्वी पाच मिनिटे घेऊन तीन आकडे पाहिले असते, तर रुग्णाची वाट अंधारात अडली नसती.