आरएक्सचा ब्रेक: ऐकलेलं आणि खरं असलेलं

जुनी, हलकी आणि पळणारी गाडी म्हटलं की मोठ्या शहरात लोकांना दोन दारांची कार आठवते. उमरग्यात आठवते ती आरएक्स शंभर. 1985 ते 1996 या काळात बनलेली यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी: 98 सीसी, 11 अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या जरा वर. थोरल्या भावाने घेतलेली, धाकट्याने जपलेली आणि आता पुतण्याने नव्याने रंगवून घेतलेली अशी एमएच 25 पासिंगची आरएक्स सोलापूर–हैदराबाद हायवेवर अजून दिसते. रंग, सायलेन्सर, सीट सगळं झालं की पुतण्याचा पुढचा हट्ट ठरलेला असतो: "आता पुढे डिस्क टाकायची."

हट्ट चुकीचा नाही, पण त्याच्याभोवती ज्या समजुती आहेत त्यांतल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घातक समजूत घराघरांत शिकवली जाते: "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर आपटशील." वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढे झुकतो. जोरात थांबताना एकूण वजनापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास भार एकट्या पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला की ते लगेच लॉक होऊन घसरतं. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ताशी 60 किलोमीटरवरून गाडी साधारण 23 मीटरमध्ये थांबते. एकट्या मागच्या ब्रेकवर त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. शिवाय धोका दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. वेग 80 असेल तर सगळं मिळून 60 मीटरच्या पुढेच. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली जुन्या हेडलाइटच्या उजेडात किती अंतरावरून दिसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पुढच्या ब्रेकने माणूस पडतो तो झटका दिल्यामुळे, वळणात दाबल्यामुळे, नाहीतर चाकाखाली वाळू किंवा चिखल असल्यामुळे. पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या रानाचा चिखल डांबरावर आलेला असतो. त्यावर कुठलाच ब्रेक जोरात लावायचा नाही. पण कोरड्या सरळ रस्त्यावर आधी हळू, मग दाब वाढवत पुढचा ब्रेक लावायची सवय नसेल, तर डिस्क बसवूनही उपयोग शून्य.

"ड्रम म्हणजे ब्रेकच नाही," ही समजूत त्यामानाने नवी. ती थोडी खरी आहे आणि त्यामागे इतिहासही आहे. 1953 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेकवर जिंकली आणि जगाने ड्रमकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. 1969 मध्ये होंडा सीबी 750 मुळे पुढची डिस्क रोजच्या मोटारसायकलवर आली. आपल्याकडे मात्र 1983 मध्ये राजदूत 350 आली तेव्हा उलटंच घडलं. जपानमधल्या मूळ आरडी 350 ला पुढे डिस्क होती. इथे बनलेल्या गाडीला ड्रम लावला गेला. तीस अश्वशक्तीच्या आसपास ताकदीची गाडी आणि थांबवायला ड्रम! त्या गाडीच्या धाकाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात आणि जुन्या आरडीवाल्यांनी डिस्क बसवून घेतली, तर त्यांना कोण नाव ठेवणार?

पण आरएक्स म्हणजे आरडी नव्हे. तिचा 130 मिलिमीटरचा ड्रम तिच्या वजनाला पुरतो, फक्त तो कारखान्यातून आला तसा असला पाहिजे. आणि तो तसा नसतो, हेच खरं दुखणं आहे.

गेल्या दिवाळीनंतर उमरग्यात हायवेलगतच्या एका गॅरेजात बसलो होतो. एक पोरगा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर पोत्यात गुंडाळून घेऊन आला होता. मिस्त्रीने पोतं बाजूला ठेवलं आणि आधी पुढचं चाक काढलं. लायनर काचेसारखे चकचकीत झालेले आणि तेही फक्त मधोमध; कडा ड्रमला टेकतच नव्हत्या. केबल कोरडी, आत तारा तुटायला लागलेल्या. आणि ज्या पट्टीला केबल जोडलेली असते ती कधीतरी कोणीतरी काढून दोन दाते मागे बसवलेली. ती पट्टी बोटाने हलवून मिस्त्री म्हणाला, "हे बघ, लायनर संपले ते झाकलंय इथं."

ते समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक पूर्ण लागतो तेव्हा केबल आणि ती पट्टी यांच्यात काटकोन असावा किंवा त्याहून किंचित कमी. लायनर झिजले की पट्टी पुढे कलते, काटकोन ओलांडला की जोर वाया जातो. तेव्हा लायनर बदलायचे असतात. ते न करता पट्टीच फिरवून बसवली, तर आतला कॅम गरजेपेक्षा जास्त वळतो आणि एखाद्या दिवशी ब्रेक लागून तिथेच अडकतो.

त्या गाडीला नवे लायनर, नवी केबल आणि लेथवर ड्रमचं हलकं टर्निंग झालं. आरे आवळल्यावर ड्रम किंचित वाकडा होतो, म्हणून टर्निंग आरे आवळल्यानंतर, पूर्ण चाकासकट करायचं. ड्रमच्या व्यासाची कमाल मर्यादा ओलांडली की तो बाद.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवायची पद्धत सगळीकडे आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्याचे आजार वीस-तीस वर्षांनी उठतात. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजात काम शिकणाऱ्या पोराला तरी ते सांगा.

हे सगळं करूनही डिस्क हवी असेल तर जरूर घ्या. लांबच्या उतारावर ती लवकर तापून ढिली पडत नाही, पाण्यातून गेल्यावर चटकन सुकते. पण "डिस्क बसवणं म्हणजे एक क्लॅम्प वेल्ड करणं," असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी काढा. शॉकअबचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. ब्रेक लागला की सगळा पीळ त्या एकाच पायावर येतो आणि वेल्डिंगने कमजोर झालेला धातू तिथेच तडकतो. डिस्कसाठीच बनलेला पूर्ण पुढचा भाग, म्हणजे शॉकअब, हब, एक्सल आणि कॅलिपर, एकाच गाडीचा घ्यावा.

मास्टर सिलिंडरही त्याच गाडीचा. "मोठा सिलिंडर, मोठा ब्रेक" हा हिशेब पास्कलच्या नियमात बसत नाही. 12.7 मिलिमीटरच्या जागी 14 मिलिमीटरचा पिस्टन टाकला, तर बोटांच्या तेवढ्याच जोरात दाब जवळपास 18 टक्क्यांनी घटतो. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो, माणसाला वाटतं ब्रेक कडक झाला आणि गाडी मात्र उशिरा थांबते.

ब्रेक ऑइल "कमी झालं की वर टाकायचं" एवढ्यावर भागत नाही. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट 4 ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. पाणी मुरलं की तो 155 पर्यंत चालतो असं प्रमाण आहे. दर दोन वर्षांनी बदलावं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये कधीही मिसळू नये.

आणि टायर. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. चाक लॉक करण्याइतका जोर चांगल्या ड्रममध्येही असतो. त्यापुढे डिस्क कितीही मोठी लावा, कडक पडलेला दहा वर्षांचा टायर घसरणारच. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते याच घसरण्यासाठी. जुन्या आरएक्सला ते बाहेरून जोडता येण्यासारखं नाही, तिथे आपली बोटंच एबीएस.

कायद्याचंही बघून घ्या. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळे बदल गाडीत करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे निर्बंध आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली. काम करण्याआधी धाराशिवच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारलेलं बरं.

त्या पोराने पोतं तसंच परत नेलं. त्याआधी मिस्त्रीने त्याला मुरूमच्या रस्त्याला मोकळ्या ठिकाणी नेऊन चाळीसच्या वेगावरून पुढचा ब्रेक हळूहळू दाबायला लावला, दहा-बारा वेळा, मध्ये ड्रम गार होऊ देत. पहिल्या खेपांना गाडी लांब गेली. लायनर बसत गेले तसा शॉकअब खाली दबायला लागला आणि शेवटच्या खेपेला गाडी मिस्त्रीने रस्त्यावर ठेवलेल्या चपलेच्या अलीकडेच थांबली.