पेनसिल्व्हेनियाचा फसलेला कायदा

ज्या चित्राच्या निर्मितीसाठीच एखाद्या बालकावर अत्याचार व्हावा लागतो, त्याचा प्रसार रोखण्याकरिता राज्यसंस्थेने कठोर उपाय योजावेत, याविषयी कोणाही सहृदय माणसाचे दुमत असणार नाही. आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ साली केलेला कायदा अशाच न्याय्य संतापातून जन्मला होता. चित्रे ठेवणारे संगणक बहुधा परमुलखात आणि त्यांचे धनी अज्ञात, म्हणून त्या कायद्याने जबाबदारी टाकली ती घरोघर इंटरनेट पोहोचविणाऱ्या कंपन्यांवर. प्रतिपक्षाला पाचारण न करताच न्यायाधीशाने हुकूम द्यावा, आणि कामकाजाच्या पाच दिवसांत ते संकेतस्थळ बंद न झाल्यास पहिल्या कसुरीला ५,००० डॉलर, तर तिसरीला ३०,००० डॉलरपर्यंत दंड नि सात वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद होती. प्रत्यक्षात हुकमाचीही वाट न पाहता ॲटर्नी जनरलच्या कचेरीतून नुसत्या नोटिसा सुटू लागल्या, आणि वर्ल्डकॉमसारखा अपवाद वगळता कंपन्यांनी त्या बहुधा निमूटपणे मानल्या.

नोटिशीत पत्ता असे एका संकेतस्थळाचा. कंपनीच्या तंत्रज्ञाच्या हाती मात्र बहुतेक वेळा त्या संगणकाचा आयपी क्रमांक रोखण्याचेच साधन असे, आणि एकाच क्रमांकावर शेकडो, प्रसंगी हजारो, परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली संकेतस्थळे नांदत असतात. एका बिऱ्हाडकरूच्या अपराधापायी साऱ्या वाड्याचा दिंडीदरवाजा बंद करावा, तसे ते झाले. चारशेहून कमी आक्षेपार्ह स्थळांसाठी दहा लाखांहून अधिक निरपराध स्थळे अडविली गेल्याचे न्यायालयापुढे सिद्ध झाले. कंपन्यांच्या जाळ्यांना राज्याची सीमा ठाऊक नसल्याने ती इतर राज्यांतील ग्राहकांनाही दिसेनाशी झाली. खरा अपराधी तेवढ्यात नवा क्रमांक घेऊन मोकळा होई.

सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या फिर्यादीवरून फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती जॅन ड्युबॉइस यांनी १० सप्टेंबर २००४ रोजी हा कायदा घटनाबाह्य ठरविला. भाषणस्वातंत्र्याचा संकोच नि आंतरराज्य व्यापारावरील बोजा ही त्याची कारणे. परंतु मला अधिक अस्वस्थ करतो तो त्याच निकालातील दुसरा निष्कर्ष, की या कायद्यामुळे बालकांवरील अत्याचार घटल्याचा पुरावा जवळजवळ नव्हताच. चित्र होते तेथेच राहिले, फक्त पेनसिल्व्हेनियातून तिकडे जाणारी वाट अडली. अशा चित्रांची खबर देण्याचे बंधन १९९८ च्या संघीय कायद्याने कंपन्यांवर घातलेलेच होते. त्या खबरीचा माग घेत चित्र चढविणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणारे तपासनीस, त्यांचे वेतन आणि परदेशी पोलिसांशी त्यांचा पत्रव्यवहार, यांवर राज्याने आपले बळ खर्चावयास हवे होते.