आकडा बदला, भोक बदलेल

समजा सायकलच्या दिव्याचा क्लॅम्प मोडला आणि तो थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यायचा आहे. आराखडा कशात काढाल? ब्लेंडर २००२ सालापासून सर्वांना खुले आहे, मोफत आहे. पण ते मूर्तिकाराचे हत्यार. त्यातली वस्तू म्हणजे बारीक सपाट तुकड्यांची जाळी. दांडा २२ नव्हे, २५ मिलिमीटरचा निघाला, की बसा जाळी ओढत! फ्रीकॅडही मोफतच. त्यात मापे आराखड्यातच नोंदलेली असतात. २२ चे २५ करा, भोक मोठे होते. शिकायला मात्र चिकाटी हवी. टिंकरकॅड तासाभरात जमेल, पण त्याला इंटरनेट लागते. आणि हो, भोक दांड्याहून किंचित मोठे ठेवा. नेमक्या मापाचे छापलेले भोक सहसा बसत नाही.