हाइलमध्ये सुट्टी सूर्य मावळल्यावर सुरू होते

आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. गावाकडची मे महिन्याची सुट्टी तोवर कधीच संपलेली असते. सौदीतल्या हाइलमधल्या आपल्या घरांत मग दरवर्षी तीच साखळी सुरू होते: बाहेर ऊन म्हणून मॉल, मॉल परवडत नाही म्हणून मोबाइल, मोबाइलवरून भांडणं म्हणून भारताचं तिकीट. या साखळीची पहिली कडीच कच्ची आहे.

‘सौदीचा उन्हाळा म्हणजे चोवीस तास भट्टी’ हे दम्माम किंवा जेद्दाच्या दमट किनाऱ्यावर राहिलेला माणूस म्हणाला तर समजू शकतं. हाइल समुद्रापासून लांब, जवळजवळ हजार मीटर उंचीवर, अजा आणि सलमा या डोंगरांच्या मुलखात आहे. जुलैत दुपारचं सरासरी तापमान 38-39 अंशांवर जातं, पण हवा कोरडी असल्यानं पहाटे ते 22-23 पर्यंत उतरतं. नागपुरात मे महिन्यात दुपारी 42-43 आणि रात्रीही 28 च्या आसपास असतं, आणि तिथली पोरं तरीही गच्चीत झोपतात, गल्लीत खेळतात. आपण मात्र हाइलला येऊन रात्री नऊला पडदे ओढतो. स्थानिक कुटुंबं त्या वेळी नुकती बाहेर पडत असतात. सूर्य सात-सव्वासातला मावळतो, मगरिबची नमाज झाली की बागांत चटया पसरल्या जातात, आणि मध्यरात्रीपर्यंत लहान मुलं घसरगुंडीवर दिसतात. सार्वजनिक बागेला तिकीट नसतं. घरून थर्मास, भेळेचं सामान आणि बकाल्यातून घेतलेलं खुबूस नेलं की झालं. दिवसाचं वेळापत्रक तेवढं पुढं सरकवायचं: मुलांना दुपारी झोपू द्यायचं, आणि ‘दहाला दिवे बंद’ हा शाळेचा नियम शाळेबरोबर सुट्टीवर पाठवायचा.

दुपारचं ऊन मात्र खरंच वाईट. सौदीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. धडधाकट मजुरासाठी जो नियम आहे, त्यापेक्षा सैल नियम सहा वर्षांच्या मुलाला लावायचं कारण नाही. मी तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घरातच राहा असं म्हणेन. सागरगोटे, व्यापार, पत्ते, भेंड्या यांना वीज आणि पैसे दोन्ही लागत नाहीत.

इथंच आणखी एक घातक समजूत भेटते: ‘कोरड्या हवेत घाम येत नाही, म्हणून पाणी कमी लागतं.’ घाम येतो, फक्त अंगावर टिकत नाही, लगेच वाळतो. त्यामुळे खेळणाऱ्या मुलाला किती पाणी गेलं ते कळतच नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका. लघवी गडद पिवळी होणं, डोकं दुखणं, उगाच चिडचिड या खुणांकडे लक्ष ठेवा. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत बाटलीभर करून ठेवा. आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नका, काच थोडी खाली करूनही नाही.

आता भारताचं तिकीट. आजीला भेटायला जायचं असेल तर जरूर जा. ‘तिकडे गेलं की स्वस्तात सुट्टी निघते’ हे मात्र कागदावर मांडून पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये आखातातली सगळीच भारतीय घरं एकदम निघतात, तेव्हा विमानभाडं चढलेलं असतं. एकदा जाऊन परत येण्याचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा दोन महिन्यांसाठी माणशी 200 रियाल. त्याआधी कुटुंबातल्या प्रत्येक डिपेंडंटमागे दरमहा भरायची फी आहेच: 2017 मध्ये 100 रियालपासून सुरू झालेली ही फी 2020 पासून 400 आहे, म्हणजे पत्नी आणि दोन मुलं धरली तर वर्षाला 14,400. एवढं करून रत्नागिरीत उतरावं तर कोसळता पाऊस, आंबा संपलेला, आणि भावंडं सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत.

‘पण हाइलमध्ये बघण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न हातिमताईच्या गावात राहून विचारला जातो याची मला गंमत वाटते. सात सवालांची ती अद्भुत गोष्ट आपल्याकडे फारसी-उर्दूतून आली, तिच्यावर सिनेमे आणि मालिका निघाल्या. त्यातल्या पऱ्या आणि जादू कल्पनेतल्या, पण हातिम खरा होता. सहाव्या शतकातला, इस्लामच्या आधीचा, ताई टोळीचा कवी. ही टोळी याच अजा-सलमाच्या परिसरात राहत होती. वाट चुकलेल्या प्रवाशाला घर सापडावं म्हणून तो रात्री उंचावर आग पेटवून ठेवी, असं सांगतात. त्याचा नावाजलेला घोडा मागायला राजदूत आले, तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं म्हणून पाहुण्यांच्या जेवणासाठी त्यानं तोच घोडा कापला होता, ही कथाही प्रसिद्ध आहे. सात सवाल म्हणजे सात रात्री. रोज बागेत एक सवाल सांगा, उत्तर दुसऱ्या दिवशी. मुलं उत्तरासाठी दिवसभर मागे लागतात आणि मोबाइलची आठवण आपोआप कमी होते. घोड्याच्या गोष्टीनंतर ‘त्यानं बरोबर केलं का?’ असं विचारून बघा. मोठ्यांचंही एकमत होणार नाही.

रात्री बाहेर आहातच तर वर पाहा. हाइल साडेसत्तावीस अंश अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. म्हणून ध्रुवतारा इथं मुंबईपेक्षा आठेक अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत किती मुठी बसतात ते मुलांना मोजू द्या, भूगोलाचा एक धडा फुकटात होतो. ऑगस्टच्या 12-13 तारखेला पर्सिड उल्का पडतात. चंद्र नसेल आणि शहराचे दिवे मागे टाकले तर दुर्बीणही लागत नाही.

सगळ्यात मोठी चीज जुब्बाला आहे. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नफूद वाळवंटात. तिथल्या उम्म सिनमान डोंगरावरची शिल्पं आणि दक्षिणेकडच्या शुवैमिसची शिल्पं 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. एके काळी या डोंगराच्या पायथ्याशी तळं होतं, म्हणून माणसं इथं राहिली आणि हजारो वर्षं खडकावर कोरत राहिली. शिकारीची चित्रं जुनी, उंटांची बहुतेक नंतरची. काही शिकारचित्रांत कुत्र्याच्या मानेपासून माणसाच्या कमरेपर्यंत रेघ आहे, म्हणजे पट्टा. कोकणातल्या मुलांना तर दुहेरी मजा: राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेला भलामोठा हत्ती आणि इथले उंट यांची चित्रं शेजारी ठेवून काय सारखं, काय वेगळं ते शोधता येतं.

‘सहलीला खर्च येतो’ म्हणाल तर हिशेब असा. 91 पेट्रोलचा दर जुलै 2021 मध्ये लिटरला 2.18 रियालवर बांधला गेला. लिटरला बारा किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरला सतरा लिटर, म्हणजे सदतीस रियाल, अख्ख्या गाडीचे. मॉलमधल्या खेळांच्या कार्डात दोन मुलांसाठी एवढे भरले तर किती वेळ पुरतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यावर 15 टक्के व्हॅट असतो. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हा फजरच्या नमाजनंतर लगेच निघा. शिल्पांची कुंपणाच्या आतली जागा केव्हा उघडते याची चौकशी आदल्या दिवशीच करा. पाणी माणशी तीन लिटर घ्या, गाडी डांबरावरून वाळूत उतरवू नका, खडकाला हात किंवा खडू लावू देऊ नका. कागद-पेन्सिल न्या, ज्याला जे आवडेल ते त्यानं काढावं. नऊ-साडेनऊला खडक तापू लागला की परतीला लागा, जेवायला घरी पोचता.