बकासुराची पाळी

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत केळझर लागते. टेकडीवरील सिद्धिविनायकामुळे हे गाव विदर्भातील भाविकांच्या परिचयाचे आहे. आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, असे येथील परंपरा सांगते. भीमाने बकासुराला मारल्याची कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तथापि त्या कथेतील खरा विचार करावयास लावणारा भाग राक्षसाच्या वधाचा नव्हे, तर त्यापूर्वीच्या व्यवस्थेचा आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, अशी पाळी नगरीने स्वतःच्या संमतीने लावून घेतली होती. राजा दुर्बळ होता आणि जो तो आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ होता. संकटाचे रूपांतर एकदा वेळापत्रकात झाले, की त्याची लाज वाटेनाशी होते.

अमेरिकेतील शाळांवर आणि बाजारपेठांवर होणाऱ्या सामुदायिक गोळीबाराच्या वार्ता वाचताना या पाळीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रत्येक हत्याकांडानंतर तेथे तोच वाद नव्याने झडतो. एक पक्ष म्हणतो, बंदुकांवर निर्बंध घाला. दुसरा म्हणतो, दोष बंदुकीचा नाही, विकृत मनाचा आहे; मनोरुग्णांवर उपचार करा. वाद चालू राहतो आणि पाळीही चालू राहते. हा वाद परका आहे असे समजून महाराष्ट्रातील वाचकाने पान उलटू नये. त्यातील प्रश्न आपल्या अंगणातलाही आहे.

प्रथम शस्त्राचा विचार करू. १४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवशी जगाच्या दोन टोकांना दोन शाळांवर हल्ले झाले. चीनच्या हेनान प्रांतात एका इसमाने चाकूने २३ मुलांना जखमी केले. त्यांतील एकही दगावले नाही. त्याच दिवशी अमेरिकेतील सँडी हुक येथील शाळेत बंदूकधारी तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे ठार केली. दोन्ही हल्लेखोरांच्या मनात काय होते याची चिकित्सा करीत बसता येईल. परंतु त्यांच्या हातात काय होते यावर मुलांचे जगणे-मरणे ठरले, हे नाकारता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे १९९६ साली एकाच माणसाने ३५ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर त्या देशाने स्वयंचलित व अर्धस्वयंचलित बंदुकांवर कठोर बंधने घातली आणि साडेसहा लाखांच्या आसपास शस्त्रे लोकांकडून मोबदला देऊन परत घेतली. ऑस्ट्रेलियन माणसाचे मन त्या वर्षात बदलले नव्हते. बदलला तो कायदा. आणि तशा प्रमाणाचे हत्याकांड तेथे पुढे कित्येक वर्षे घडले नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई केली आहे. विकलमनस्क व्यक्तीस परवाना देता येत नाही आणि २०१६ च्या नियमांनुसार अर्जदारास शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. सामान्य नागरिकाने बंदूक उचलून गर्दीवर गोळ्या झाडल्याच्या घटना आपल्याकडे विरळ आहेत, याचे बरेचसे श्रेय या कायद्याकडे जाते. मात्र कायद्याची कुंपणे जेथे संपतात तेथे काय होते, हे महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे.

२५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट आगारातून एस.टी.चा चालक संतोष माने याने बस बाहेर काढली आणि ती भर रस्त्यावरील माणसांवर घातली. नऊ जणांचा बळी गेला, अनेक जण जखमी झाले. खटल्यात वेडाचा बचाव मांडण्यात आला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. फाशीची शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. दुसरी घटना ३१ जुलै २०२३ ची. जयपूरहून मुंबईस येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी रायफलीतून गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. त्यात त्याच्या वरिष्ठासह चौघे मृत्युमुखी पडले. त्याची मनःस्थिती ढळली होती की मनात धर्मद्वेष होता, यावर तेव्हापासून वाद झाला.

या दोन्ही प्रसंगी शस्त्र परवान्याचा कायदा निरुपयोगी होता. बसला शस्त्र परवाना लागत नाही आणि सरकारी रायफल ही नोकरीचाच भाग असते. तेव्हा ‘बंदुकीचा कायदा पुरेसा आहे’ असे म्हणणाऱ्यांचे समाधान येथे अपुरे ठरते. ज्यांच्या हाती समाज रायफल किंवा पन्नास माणसांची गाडी सोपवतो, त्यांची रजा, झोप, पाळ्यांची अदलाबदल आणि मनावरील ताण यांची विचारपूस करणे हे त्या त्या खात्याचे कर्तव्य आहे. ताणाने कोलमडलेल्या शिपायाने वा चालकाने ‘मला काही दिवस या कामावरून दूर ठेवा’ असे सांगितले, तर त्याची नोकरी धोक्यात न येता ते ऐकले जाईल, अशी सोय हवी.

तथापि दुसऱ्या पक्षाचा दावाही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हे समीकरण खोटे आहे. अमेरिकेतील अभ्यासांनुसार तेथील एकूण हिंसेपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास हिंसा गंभीर मानसिक आजाराकडे लावता येते. मनोरुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचाच संभव अधिक. कोणता माणूस उद्या हत्याकांड करील, हे आज तपासून सांगणे कोणत्याही वैद्याला शक्य नाही. शिवाय प्रत्येक क्रौर्याला ‘वेड’ म्हटले, की द्वेषाची जबाबदारी टळते. आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेणारी आई लोकलज्जेने घरी बसते. उपचाराच्या नावाने उपचाराचीच वाट बंद होते.

आता केळझरकडे परतू. या गावात कोणाच्या घरी रायफल नाही. पण कपाशीवर फवारण्याचे विष मात्र घरोघरी आहे. वर्धा हा विदर्भातील आत्महत्याग्रस्त म्हणून २००६ साली पंतप्रधानांच्या साहाय्य योजनेत समाविष्ट झालेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. येथील हिंसा गर्दीवर चालून जात नाही. ती एकेका घरात, एकेका पाळीने येते. म्हणून ती हत्याकांड वाटत नाही. परंतु साधन आणि मन यांचा तोच जुना प्रश्न येथेही उभा आहे.

श्रीलंकेने त्याचे उत्तर आचरून दाखवले. १९९५ साली तेथे लाखामागे ४७ च्या आसपास आत्महत्या होत. अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. याउलट शेतकऱ्यांच्या घरी औषधासाठी कुलूपबंद पेट्या देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांचा लाभ दिसून आला नाही. अर्थ स्पष्ट आहे. निराशेचा झटका बहुधा ओसरणारा असतो. तो ओसरेपर्यंत जीवघेणे साधन हाताशी नसावे. आणि ही जबाबदारी एकट्या घरावर टाकून भागत नाही, शासनालाच ती उचलावी लागते.

परंतु झटका ओसरल्यानंतर त्या माणसाचा हात कोणी धरावयाचा? येथे उपचाराची पाळी येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता ताणग्रस्त मानले. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय केळझरहून फार दूर नाही. तरीही ज्याला कर्जाचा हप्ता आणि मुलीचे लग्न एकाच महिन्यात दिसते, त्याला तेथवर नेणारा माणूस गावातच असावा लागतो. तो शिक्षक असेल, तलाठी असेल, आशा कार्यकर्ती असेल.

साधनावरील निर्बंध वेळ मिळवून देतो. उपचार त्या वेळेचा उपयोग करतो. पहिल्यावाचून दुसरा उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्यावाचून पहिला अर्धवट राहतो. एकाचे नाव घेऊन दुसरे टाळणाऱ्यास वस्तुतः दोन्ही नको असतात.

एकचक्रेत ज्या घराची पाळी आली होती, त्या घरातले रडणे कुंतीने भिंतीपलीकडून ऐकले आणि ती उठून विचारावयास गेली. भीम त्यानंतर निघाला. केळझरच्या टेकडीवर दर्शनास जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.