टर्बोचार्जरचें तेल कोठें आणि कां गळतें?



मी कांहीं मोटारींचा जाणकार नव्हे. सारा जन्म शाळेंत मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेला. परंतु माझ्या पुतण्याच्या डिझेल मोटारीनें मला उतारवयांत पुन्हां विद्यार्थी केलें. आणि त्या अभ्यासांत जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

हकीकत थोडक्यांत अशी. नाशिकला जातांना कसारा घाटांत मोटारीमागें निळसर धुराचा लोट दिसूं लागला. गॅरेजमध्यें हवेची नळी काढून पाहिली, तों आंत तेल. “टर्बो गेला,” असा निकाल तत्काळ मिळाला. साठ हजारांच्या घरांत खर्च करून नवा टर्बो बसविला. आणि तीन आठवड्यांत पुन्हां तोच धूर! मग एका वृद्ध मिस्त्रीनें टर्बोखालची तेल परतीची नळी सोडविली. ती काळ्या गाळानें निम्मी बुजलेली होती. ती साफ करतांच गळती थांबली. पहिला टर्बोही कदाचित् निर्दोषच असावा, हा विचार पुतण्याला अजून छळतो.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं यंत्राची रचना पाहूं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें 1905 सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. एंजिनांतून वायां जाणारा उष्ण वायु एक चाक फिरवितो. त्याच आंसावर दुसऱ्या टोंकाला बसविलेलें चाक बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतें. मोटारीच्या लहान टर्बोचा आंस मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेऊं शकतो. तो बेअरिंगमध्यें तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हें तेल एंजिनाच्या पंपाच्या दाबानें वरून येतें. परंतु परत जातांना त्याला ढकलणारें कोणी नाहीं. तें केवळ आपल्या वजनानें खालीं चेंबरमध्यें उतरतें.

आतां खरी मेख येथें आहे. आंसाच्या दोन्ही टोंकांना जीं सील असतात, तीं बहुधा बाटलीच्या बुचासारखीं घट्ट नसतात. तीं धातूचीं बारीक कडीं असून, चाकांकडील हवेचा व वायूचा दाब तेलाला आंतल्या बाजूस थोपवितो, त्याची त्यांना मोठी मदत असते. न्हाणीघराची मोरी तुंबली, तर पाणी उंबऱ्यावरून घरांत येतें. त्यासाठीं कोणी उंबरा बदलीत नाहीं. तद्वत् परतीची वाट अडली, कीं तेल मध्यभागीं सांचून दोन्ही टोंकांनीं बाहेर पडतें, मग टर्बो कितीही नवा असो.

म्हणून शोध कोणत्या क्रमानें घ्यावा, तें ध्यानांत ठेवावें.

पहिलें, गळती खरोखर टर्बोचीच आहे काय? वरच्या बाजूचें गॅस्केट किंवा तेल आणणाऱ्या नळीचा सांधा पाझरला, तरी तेल ओघळून टर्बोवरच येतें. सर्व भाग पुसून स्वच्छ करावा, थोडी मोटार चालवावी, एंजिन थंड होऊं द्यावें, आणि ओल प्रथम कोठें उमटते तें पाहावें. हवेच्या नळींत तेलाचा पातळसा लेप दिसला तर घाबरूं नये. एंजिनाच्या ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेबरोबर इतकें तेल येतेंच. तेलाचें तळें सांचलें असेल, तर मात्र पुढें तपासावें.

दुसरें, तेलाची पातळी. खुणेच्या वर तेल भरलें असेल, तर परतीच्या तेलाला उतरावयास अडचण पडूं शकते.

तिसरें, एअर फिल्टर. तो धुळीनें बुजला, कीं हवेचें चाक तेलच ओढूं लागतें.

चौथें, ब्रीदर. तो चोंदला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर चेंबरमध्यें दाब वाढून परतणारें तेल मागें रेटलें जातें.

पांचवें, परतीची नळी. ती दुमडली आहे काय, गाळानें भरली आहे काय, किंवा सांध्याला लावलेला सीलंट आंत फुगून तोंड बुजवीत आहे काय, हें नळी सोडवूनच पाहावें.

इतकें झाल्यावर टर्बोकडे वळावें. एंजिन बंद व थंड असतां हवेची नळी काढून आंस बोटांनीं हलवावा. आडवा किंचित् हालला तर तें तेलाच्या थरासाठीं राखलेलें अंतर होय. परंतु पुढें-मागें सरकत असल्याचें हाताला स्पष्ट जाणवलें, चाक भोंवतालच्या भिंतीला घांसलें, किंवा पातीं तुटलेलीं दिसलीं, तर टर्बो खरोखरच गेला असें समजावें. तेव्हांही तो कां गेला, हें विचारल्याशिवाय नवा बसवूं नये. जुनें, गाळ धरलेलें तेल हें त्याचें नेहमींचें कारण असतें.

ही गळती केवळ पैशाचा प्रश्न नाहीं. डिझेल एंजिनांत पुष्कळ तेल हवेबरोबर शिरलें, तर एंजिन त्याच तेलावर धावूं लागतें, आणि चावी काढली तरी थांबत नाहीं. तापलेल्या भागावर तेल गळल्यास आग लागण्याचेंही भय असतें. दाट निळा धूर दिसून एंजिनाचा वेग आपोआप वाढूं लागला, तर वांचवावयाची वस्तु मोटार नव्हे, आंतील माणसें आहेत.

तेल वेळेवर बदलावें, घाट चढून आल्यावर लगेच चावी न फिरवितां एंजिनाला मिनिटभर मंद चालूं द्यावें, आणि कोणी “टर्बो गेला” म्हणाला, तर सौम्यपणें एकच प्रश्न विचारावा: “परतीची नळी पाहिलीत काय?” गणितांत उत्तराइतकीच रीतही महत्त्वाची असते, असें मी मुलांना सांगत असें. मिस्त्रीलाही रीत विचारण्यांत कांहीं गैर नाहीं.