वैमानिकी प्रेम माथुर

‘विमान’ या शब्दास ‘ठक्’ प्रत्यय लागला म्हणजे ‘वैमानिक’ असें रूप सिद्ध होतें, आणि पाणिनीच्याच नियमानें त्याचें स्त्रीलिंगी रूप ‘वैमानिकी’ असें होतें. आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र आजोबांच्या पायांशीं बसून झालें, आणि हा नियम आम्हांस लहानपणापासून पाठ आहे. असें असूनहि १९९० सालीं, जालना जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत नववीच्या निबंधाच्या वह्या तपासतांना, आमच्या हातून एक प्रमाद घडला. ‘मी कोण होणार’ या विषयावर एका मुलीनें ‘मी वैमानिक होणार’ असें लिहिलें होतें. गणितांत ती वर्गांत पहिली असे. आम्हीं तांबड्या शाईनें शेरा मारिला, ‘कल्पना सुंदर, परंतु मुलींनीं शक्य तेंच ध्येय योजावें.’ तिनें वही मिटली आणि त्या विषयाचें अवाक्षरहि पुन्हां काढलें नाहीं. दहावी होऊन ती यथाकाल सासरीं गेली. आज तो शेरा आम्हांस टोंचतो. ज्या बाईंचें चरित्र आम्हांस तेव्हांच ठाऊक असावयास हवें होतें, त्यांची ओळख वाचकांस करून देऊन आम्ही थोडें प्रायश्चित्त घेऊं इच्छितों.

प्रेम माथुर या आमच्या प्रांताच्या कन्या नव्हत. त्या उत्तर हिंदुस्थानांतल्या. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचें दार उघडलें तें हैदराबादेस, आणि जालनें त्या काळीं हैदराबाद संस्थानांतच मोडत असे. आमच्या स्टेशनावरून मनमाड-सिकंदराबादकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी निजाम सरकारच्या रेल्वेची होती. त्या रेल्वेनें १९३२ सालीं मोटारगाड्याहि सुरू केल्या, आणि पुढें १९४५ च्या सुमारास टाटांच्या सहकार्यानें ‘डेक्कन एअरवेज’ ही विमान कंपनी निघाली. तिचें ठाणें बेगमपेठेस असे. ज्या राज्यास मागासलेलें म्हणण्याची आपणां मराठवाड्यांतील लोकांसच संवय आहे, त्याच्या राजधानीत पुढील गोष्ट घडली, हें मुद्दाम ध्यानांत ठेवावें.

त्यापूर्वीं हिंदी स्त्रीनें विमान चालविलेंच नव्हतें असें नाहीं. १९३६ सालीं लाहोरास एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांनीं साडी नेसून ‘जिप्सी मॉथ’ नांवाचें लहानसें विमान एकट्यानें उडविलें, तेव्हां त्यांच्या घरीं चार वर्षांची कन्या होती. त्यांस ‘अ’ वर्गाचा परवाना मिळाला. या परवान्यावर स्वतःच्या हौसेखातर उडतां येतें. भाडें देणारे उतारू नेण्यास ‘ब’ वर्गाचा परवाना लागे. सरलाबाई त्याची तयारी करीत होत्या. इतक्यांत १९३९ सालीं त्यांचे वैमानिक पति अपघातांत निवर्तले, महायुद्ध पेटलें, आणि तें शिक्षण तसेंच राहिलें.

हौस आणि उपजीविका यांमधील ही भिंत ओलांडली ती प्रेमबाईंनीं. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबांत शिकून १९४७ सालीं त्यांनीं धंदेवाईक वैमानिकाचा परवाना मिळविला. युद्ध नुकतेंच संपलें होतें. लष्करानें वापरलेलीं ‘डकोटा’ विमानें स्वस्तांत विक्रीस निघालीं होतीं, आणि त्यांच्या बळावर देशांत नव्या कंपन्या उभ्या राहात होत्या. वैमानिक हवेच होते. प्रेमबाईंनीं एकामागून एक आठ कंपन्यांकडे अर्ज केले. आठहि ठिकाणांहून नकार आला. बाई विमान चालवीत आहे असें कळलें तर उतारू भितील, असें कारण त्यांस ऐकविण्यांत आलें. त्यांच्या परवान्यांत, प्रकृतींत वा ज्ञानांत उणें होतें असें नव्हे. भीति दुसऱ्याची, आणि तिचा दंड भरावा यांनीं! नववा अर्ज डेक्कन एअरवेजकडे गेला, आणि तेथें त्यांची नेमणूक झाली.  १९४९ सालीं राष्ट्रीय विमानशर्यतींत त्यांनीं पुरुषस्पर्धकांस मागें टाकून पहिला क्रमांक पटकाविला. आदल्या वर्षींच्या सप्टेंबरांत संस्थान हिंदी संघराज्यांत सामील झालें होतें. म्हणजे आमचे वाडवडील मुक्तीचा पहिला श्वास घेत होते, त्याच सुमारास ही बाई बेगमपेठेहून डकोटा घेऊन आकाशांत जाऊं लागली.

डकोटाच्या पुढील खोलींत शेजारीं शेजारीं दोन खुर्च्या असतात. डावीकडची कप्तानाची, उजवीकडची सहवैमानिकाची. सुकाणूचीं साधनें दोघांपुढेंहि सारखींच. चाकें वर घेणें, खालीं सोडणें, बिनतारी यंत्रावर बोलणें यांसारखीं कामें बहुधा उजवीकडच्याकडे असतात. आणि प्रसंग पडल्यास सगळें विमान तोच उतरवितो. भेद श्रमाचा नाहीं, अधिकाराचा आहे. उतारूंचे प्राण कोणाच्या शब्दावर सोपवावयाचे, हा खरा प्रश्न. प्रेमबाईंच्या विमानांतून लेडी माउंटबॅटन, इंदिरा गांधी, लालबहादूर शास्त्री अशा व्यक्तींनीं प्रवास केला. उतारू भितील, हें म्हणणें अशा रीतीनें खोटें ठरलें. परंतु उड्डाणाचे तास पुरे झाल्यावर त्यांनीं डावी खुर्ची मागितली, तेव्हां कंपनीनें ती दिली नाहीं. माजघरांतून ओटीवर येऊं दिलें. गादीवर मात्र बसूं दिलें नाहीं.

येथें प्रेमबाईंचें तेज दिसतें. ‘मिळालें तें थोडें नाहीं’ असें म्हणून त्या मुकाट्यानें बसल्या नाहींत. त्यांनीं ती नोकरी सोडली, दिल्लीस जाऊन उद्योगपति घनश्यामदास बिर्ला यांचें खाजगी विमान कांहीं काळ चालविलें, आणि १९५३ सालीं, सरकारनें देशांतर्गत कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापिली तेव्हां, त्या तिच्या सेवेंत शिरल्या. १९९२ सालीं त्यांचें देहावसान झालें.

डाव्या खुर्चीवर पुढें एक मराठी बाईहि बसल्या, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. सौदामिनी देशमुख यांनीं १९८५ च्या नोव्हेंबरांत कलकत्ता-सिल्चर मार्गावर ‘फॉकर फ्रेंडशिप’ विमानाचें आधिपत्य केलें. शेजारच्या खुर्चीवर निवेदिता भसीन होत्या, आणि विमानांतील सर्व सेवकवर्ग स्त्रियांचाच होता. याच निवेदिताबाई १ जानेवारी १९९० रोजीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, मुंबई-औरंगाबाद-उदयपूर मार्गावर बोइंग ७३७ विमानाच्या कप्तान होऊन गेल्या.

वाचकहो, या मार्गाकडे पुन्हां एकदां पहा. आतां ज्यास छत्रपति संभाजीनगर म्हणतात, त्या शहराचा चिकलठाण्याचा विमानतळ आमच्या जालन्यापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्या वर्षीं आम्हीं त्या मुलीच्या वहींत ‘शक्य तेंच ध्येय योजावें’ असें लिहिलें, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशीं तें शक्य आमच्या दाराशीं उतरून, पुन्हां उड्डाण करून गेलें होतें. आम्हांस त्याचा पत्ता नव्हता, कारण आम्हीं मान वर करून पाहिलेंच नव्हतें. त्या आठ कंपन्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु नववा नकार देणारे आम्हीच होतों, आणि तोहि एका चौदा वर्षांच्या मुलीस, अर्ज करण्याच्या आधींच! प्रेमबाईंस निदान नकाराचें पत्र आल्यावर दुसऱ्या दारीं जातां आलें. घरांतून वा शाळेंतून मिळालेल्या नकारापुढें दुसरें दार नसतें.

आज स्थिति पुष्कळ पालटली आहे. जगांत विमान कंपन्यांच्या वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा पांच-सहाच्या आसपास, तर आपल्या देशांत तें बारा ते पंधरा आहे. धंदेवाईक परवान्यास बारावीला पदार्थविज्ञान व गणित, वयाचीं अठरा वर्षें पूर्ण, निकोप प्रकृति आणि २०० तासांचें उड्डाण लागतें. खर्च मात्र लाखोंच्या घरांत जातो, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ज्यांस तो झेपत नाहीं त्यांच्याहि मुलींस २०२२ पासून पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खुली झाली आहे. तेथील शिक्षणाचा भार सरकार उचलतें, आणि वायुदलाची वाट तेथूनच जाते.

प्रत्येक मुलीनें विमानच चालवावें असा आमचा आग्रह नाहीं. आग्रह इतकाच कीं, तिनें मोठें कांहीं बोलून दाखविलें तर आईबापांनीं व मास्तरांनीं प्रथम चौकशी करावी, आणि मग बोलावें. प्रवेश कोठें, परीक्षा कोणती, खर्च किती, हें न विचारतांच ‘शक्य नाहीं’ म्हणणें हा व्यवहार नव्हे, आळस आहे. तो आळस आम्हीं केला. ती मुलगी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. हें मासिक तिच्या घरीं येत असेल तर तिनें तो तांबडा शेरा खोडावा आणि त्यापुढें ‘वैमानिकी’ हा शब्द लिहावा. व्याकरणदृष्ट्या तो सर्वथा शुद्ध आहे.